लोकलच्या तारेत 25 केव्ही यायला 2016 का उजाडलं?

रूळवेडा: 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी–कुर्ला विजेवर धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. रेल्वेने 25 केव्ही (25 हजार व्होल्ट) एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, पन्नासच्या दशकातच स्वीकारलं. मग हार्बरवर डीसी एप्रिल 2016 पर्यंत कसं टिकलं? तारेतला दाबच (व्होल्टेज) तर बदलायचा होता!

खटका: तार हा त्यातला सोपा भाग. 1925 च्या मोटरी डीसीच्या, आणि एसीचं डीसी करणारी यंत्रणा गाडीत मावण्याजोगी नव्हती. ती सबस्टेशनात ठेवावी लागे, म्हणून तारेत मोटरींना झेपेल एवढाच दाब. त्याची किंमत करंटमध्ये मोजली. गाडीने 3 मेगावॉट ओढले तर 1500 व्होल्टला 2000 अँपिअर, 25 केव्हीला साधारण 120. एवढ्या करंटला जाड तांबं लागतं, दाब पडतो, म्हणून दर काही किलोमीटरला सबस्टेशन. त्यात तीन-चार गाड्या एकदम सुटल्या की तो करंट आणि लांबवरचं शॉर्ट सर्किट यातला फरक ब्रेकरला (बिघाडात वीज तोडणाऱ्या खटक्याला) ओळखणं अवघड.

सिग्नलवाला: खरी मेख रुळात आहे. ट्रॅक्शनचा, म्हणजे गाडी ओढणारा, करंट रुळातूनच परततो. रुळावर गाडी आहे का हे रुळातल्याच छोट्या करंटवरून सिग्नलला कळवणारं ते ट्रॅक सर्किट; डीसी ट्रॅक्शन असेल तिथे ते एसी ठेवतात, एसी असेल तर डीसी. जात एकच राहिली तर परतीच्या करंटनेच रिले (रुळातून करंट आला की 'मोकळा' दाखवणारा स्विच) उचलला जाईल आणि गाडी उभी असलेला रूळ मोकळा दिसेल. म्हणजे दाब बदलायचा तर सगळी ट्रॅक सर्किटं बदला, शेजारच्या टेलिफोन केबलींना इंडक्शनपासून (एसी तारेमुळे त्यांच्यात उमटणाऱ्या विजेपासून) वाचवा, आणि हे सगळं रात्रीच्या ब्लॉकमध्ये. पुलांचं वेगळंच. 25 केव्हीला तार आणि पूल यांत जास्त अंतर लागतं. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल ठेंगणा, म्हणून खालून गाड्या हळू काढाव्या लागत. जानेवारी 2016 मध्ये तो पाडला.

खटका: आणि रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी! जुना डीसी रेक 25 केव्हीखाली नेता येत नाही. आधी दोन्ही दाबांवर चालणारे रेक हवे: एसीखाली वीज ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टरमधून जाते, डीसीखाली ट्रान्सफॉर्मर वगळला जातो. दोन दाबांच्या मध्ये तारेचा एक तुकडा बिनविजेचा असतो. तिथे मोटरमन पॉवर बंद करून गाडी वेगावर घरंगळू देतो. ही हद्द पुढे सरकवत नेली. पश्चिम रेल्वे फेब्रुवारी 2012 मध्ये पूर्ण झाली, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जून 2015 मध्ये. हार्बर शेवटी, कारण उरलेसुरले डीसी रेक कुठेतरी चालवायचे होतेच.