दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणे ही चोरी आहे का? ‘रिकामटेकडे चाहते’ या शेऱ्याला उत्तर

काटोल रोडवरची वाचक :

परवा इथे महालकर यांनी लिहिले की, आवडत्या कादंबरीतल्या किंवा मालिकेतल्या पात्रांच्या पुढच्या गोष्टी रचणारे चाहते रिकामटेकडे असतात, स्वतःचे एकही पात्र उभे करता येत नाही म्हणून ते दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकर भाजून घेतात, आणि अशा लेखनाला साहित्य म्हणणे हा साहित्याचा अपमान आहे. दोन दिवस मी गप्प राहिले. आज राहवले नाही म्हणून सविस्तर लिहिते, कारण गेली अकरा वर्षे मी असेच लेखन करते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आपण नागपूरकर आहोत, तेव्हा विदर्भापासूनच सुरुवात करते. संस्कृत नाटककार भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचेच गाव, असे इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिले तेव्हा रामकथेचा शेवट सर्वांना ठाऊक होता : सीता धरणीच्या पोटात जाते आणि राम मागे उरतो. भवभूतीला तो शेवट सोसवला नसावा. सातव्या अंकात त्याने नाटकातले नाटक रचले, रामाला प्रेक्षक म्हणून बसवले आणि अखेरीस सीता त्याला परत मिळवून दिली. ते आतले नाटक कोणाचे म्हणून दाखवले आहे, हे पाहा. ते खुद्द वाल्मीकींचे आहे. ज्यांच्या ग्रंथाचा शेवट बदलला, त्यांनाच पात्र करून नवा शेवट त्यांच्याच हातून लिहवून घेतला. याहून मोठे धाडस कोणा चाहत्याने केलेले मला ठाऊक नाही. रिद्धपूरला महदंबेने धवळे (लग्नगीते) रचले तेव्हाही कृष्ण-रुक्मिणीची गोष्ट नवी नव्हती. रुक्मिणी आपल्या कौंडिण्यपूरची लेक, तिचे लग्न पुन्हा एकदा गावेसे वाटले, आणि मराठीच्या आद्य कवयित्रीला लिहायला तेवढे कारण पुरले.

आता माझ्या मावशीविषयी. काटोलजवळच्या खेड्यात 2006-07 च्या सुमारास भारनियमन असे होते की आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी ऐन मालिकेच्या वेळी वीज जायची. मावशीकडे दुधाच्या हिशेबाची एक लांब वही होती. पुढच्या बाजूने सकाळ-संध्याकाळच्या दुधाचे आकडे, आणि वही उलटी केली की मागच्या बाजूने तिने शिसपेन्सिलीने लिहिलेले मालिकेचे हुकलेले भाग. अंधारात बसून तिने ठरवायचे की आज अमुक बाई नवऱ्याला काय म्हणाली असेल, आणि सकाळी चहा झाल्यावर ते लिहून काढायचे. नंतर नागपूरहून कोणी खरा भाग सांगितला की ती आधीचे खोडत नसे. समासात लिहीत असे : ‘यांनी असे दाखवले. पण ती असे बोलणार नाही.’ ती वही आज माझ्याकडे आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने पात्राच्या स्वभावावर ठेवलेले इतके बारीक लक्ष मी अनेक छापील समीक्षांमध्ये पाहिलेले नाही. महालकरांनी ज्याला रिकामटेकडेपणा म्हटले, ते माझ्या दृष्टीने वाचनाचे सर्वांत एकाग्र रूप आहे.

महालकर :

ताई, आपले उत्तर मी दोनदा वाचले. ‘रिकामटेकडे’ हा शब्द मी मागे घेतो. मत मात्र मागे घेत नाही.

रामकथा कोणा एकाच्या मालकीची नव्हती, म्हणून भवभूतीचा दाखला इथे लागू होत नाही. मोरोपंतांनी 108 रामायणे रचली असे सांगतात, त्यालाही माझी हरकत नाही. प्रश्न हयात लेखकाचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षे राहतो, आणि कलम 57 प्रमाणे, हक्क विकून टाकले तरीही, आपल्या लेखनाची मानहानीकारक मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाकडेच उरतो. हे कलम उगाच आलेले नाही.

माझी एक कथा 2014 साली एका दिवाळी अंकात आली होती. त्यातले वडील माझे वडील होते. कथेत ते शेवटपर्यंत मुलाची माफी मागत नाहीत, सायकल भिंतीला टेकवून आत जातात, आणि कथा तिथेच संपते. सात वर्षांनी मोबाइलवर मला त्या कथेचा ‘पुढचा भाग’ आला. कोणा सद्गृहस्थाने माझ्या कथेतल्या वडिलांना म्हातारपणी मुलाच्या दारात उभे केले होते, रडवले होते, माफी मागायला लावली होती. शेकडो लोकांनी त्याखाली ‘डोळे पाणावले’ असे लिहिले होते. माझ्या वडिलांनी माफी मागितली नाही. ते त्याआधीच गेले. त्यांनी जे मला कधी दिले नाही, ते एका अनोळखी माणसाने त्यांच्या तोंडी घातले आणि वर मलाच पाठवले. त्या रात्री मला जे वाटले त्याला प्रेम म्हणायचे असेल, तर ते प्रेम मला नको आहे.

काटोल रोडवरची वाचक :

दादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आपल्या बाबतीत जे झाले ते वाईट झाले, आणि ते ज्याने केले तो माझ्यासारखाच चाहता होता, हेही मला मान्य करावे लागते.

तरीही सगळेच लेखक आपल्यासारखा विचार करीत नाहीत. लेखक कॉनन डॉयल यांनी 1893 साली आपल्याच शेरलॉक होम्स या गुप्तहेराला गोष्टीत मारून टाकले, वाचक संतापले, आणि अखेर होम्सला परत यावे लागले. तो परत येण्याआधी, मधल्या काळात, विल्यम जिलेट या नटाने होम्सवर नाटक लिहायला घेतले आणि होम्सचे लग्न लावले तर चालेल का, अशी विचारणा केली, तेव्हा डॉयल यांनी कळवले की लग्न लावा, खून करा, काय वाटेल ते करा. मी होम्सवरच लिहिते. डॉक्टर वॉटसनला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत गोळी लागली, ती पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे आणि दुसऱ्या कादंबरीत पायाला. डॉयल विसरले. आम्ही विसरलो नाही. माझी सर्वांत लांब कथा त्या दुसऱ्या जखमेविषयी आहे, जी वॉटसनने होम्सपासूनही लपवली होती. लेखकाच्या हातून निसटलेला धागा पुढे सव्वाशे वर्षांनी कोणी नागपुरात बसून विणत असेल, तर त्यात लेखकाचा अपमान कुठे झाला?

महालकर :

आपणच माझे काम सोपे केले. जिलेट यांनी विचारले होते. माझे म्हणणे अगदी एवढेच आहे. डॉयल यांना जाऊन 90 हून अधिक वर्षे झाली, त्यांच्यावर आपण खुशाल लिहावे. हयात माणसाला मात्र आधी विचारावे.

निवृत्त भाषाशिक्षक :

दोघांच्याही लिहिण्यातून एक धोका निसटला आहे. 31 वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणून हसली, हे मला वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने सांगितलेले आहे. भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी हे वाक्य नाही. तिथे भीमादी पांडव आणि सेवक हसतात. हे वाक्य दूरदर्शनवरच्या 1988 च्या मालिकेने घरोघरी पोहोचवले, आणि एका स्त्रीने एवढा संहार ओढवून घेतला असे मुले आजही लिहितात. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपले वाक्य घातल्याने काय होते, ते पाहा. मूळ पुसले जाते, आणि ज्याच्या तोंडी वाक्य घातले त्याला ते नाकारताही येत नाही.

काटोल रोडवरची वाचक :

सर, हे मान्य आहे, आणि मान्य करताना जड जाते आहे. पण एक फरक सांगते. मालिकेला आपण मूळ मानतो, कारण ती तसा आव आणते. चाहत्यांच्या लेखनात पहिल्याच ओळीत लिहिलेले असते की पात्रे अमुक लेखकाची आहेत आणि मी यातून पैसा घेत नाही. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्या लेखनाच्या ऑनलाइन संग्रहात लाखो कथा आहेत, तो देणग्यांवर चालतो, तिथे जाहिराती नाहीत, आणि 2019 साली त्याला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे कोणीही मूळ पुसत नाही. मूळ माहीत नसेल तर त्या कथा कळतच नाहीत.

धंतोलीकर :

परवानगी आणि कायदा यांत खरे दुखणे राहूनच गेले. 2016 साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली आणि त्यातली राधिका नागपूरची आहे असे कळले, तेव्हा आमच्या घरी सगळे कौतुकाने टीव्हीसमोर बसले होते. मालिकेबद्दल मी बोलत नाही. तिच्यानंतर चाहत्यांनी जे लिहिले, त्याबद्दल बोलतो. राधिकेवरच्या कथा मी वाचल्या आहेत. प्रत्येक वाक्यात ‘बे’ आणि ‘काहून’ पेरले की नागपूर उभे राहते असा या लोकांचा समज आहे. माझी आई जन्मभर नागपूरच्या महाल भागात राहिली, ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणाली, ‘मी येऊन राहिली’ म्हणाली, पण सासूसमोर काय, शेजारणीसमोरही तिच्या तोंडून कधी ‘बे’ निघाले नाही. ‘बे’ ही पोरांची आपसातली भाषा आहे. घरातल्या बाईच्या तोंडी ती घालणारा चाहता पात्रावर प्रेम करीत नाही, तो आमच्यावर हसतो.

भंडाऱ्याहून नागपुरात :

धंतोलीकर साहेब, नागपुरी म्हणजे विदर्भ नव्हे. वऱ्हाडी वेगळी, आणि आमच्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी. आमच्या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. 1998 साली मी नागपूरच्या एका वसतिगृहात आलो आणि ‘पानी’ म्हणालो, तेव्हा जे हसले ते पुण्या-मुंबईचे नव्हते, नागपूरचे होते. वर्षभर माझे नाव ‘पानी’ होते.

धंतोलीकर :

आपल्याला त्रास झाला असेल, पण म्हणून आमच्यावरच उलटण्याचे कारण नाही. सगळा विदर्भ एकत्र उभा राहायला हवा तेव्हा आपण आपसात कुंपणे घालत बसतो, म्हणूनच आपल्यावर हसतात.

भंडाऱ्याहून नागपुरात :

कुंपण मी घातले नाही, साहेब. मी बाहेर उभा होतो आणि आपण आत होतात. आपल्या आईची भाषा कोणी चुकीची लिहिली तर आपल्याला लागते, मग माझी भाषा कोणी लिहीतच नाही तेव्हा मला काय वाटत असेल, एवढा विचार करा. टीव्हीवर माझ्या बोलीतला नायक मी आजवर पाहिलेला नाही. म्हणून मी स्वतः लिहिला. एका प्रसिद्ध कादंबरीतला दुय्यम नोकर, ज्याच्या गावाचे नाव लेखकाने दिलेलेच नाही, तो मी साकोलीचा केला आणि त्याला माझ्या आजोबांसारखे बोलायला लावले. महालकर याला चोरी म्हणतील. म्हणोत.

काटोल रोडवरची वाचक :

आपण दोघेही मला माझ्याच कथांकडे परत घेऊन गेलात. कालपासून मी जुन्या कथा काढून पाहते आहे, आणि एका आजीच्या तोंडी मी स्वतः तीन ठिकाणी ‘बे’ घातले आहे. काटोलच्या माझ्या मावशीने समासात नक्की लिहिले असते : ती असे बोलणार नाही. ते तिन्ही मी आज काढले. भंडाऱ्याच्या दादांनी साकोलीच्या त्या नोकराची कथा इथे द्यावी, ही विनंती.

महालकर :

कथा मीही वाचेन. चोरीबद्दलचे माझे मत त्याने बदलणार नाही, मात्र ज्या नोकराला लेखकाने गावही दिले नाही त्याला कोणी गाव दिले, तर त्या लेखकाने फार तक्रार करू नये, इतके मी म्हणू शकतो.

आणि ताई, एक गोष्ट सांगायची की नाही हे ठरवायला मला तीन दिवस लागले. माझ्या त्या कथेत आईला दोनच वाक्ये आहेत. मी वडिलांकडे बघत बसलो आणि तिला स्वयंपाकघरात उभे ठेवले, हे अंक छापून आल्यावर माझ्या लक्षात आले. वडिलांवर कोणीही लिहू नये, हे माझे म्हणणे कायम आहे. आईवर कोणाला लिहायचे असेल, तर त्याने आधी मला विचारावे आणि लिहिलेले मला दाखवावे. नकार देण्याचा हक्क मी राखून ठेवतो.

काटोल रोडवरची वाचक :

दादा, आधी दाखवीन, आणि आपण नाही म्हणालात तर तो कागद माझ्याकडेच राहील. आपण कथेचे नाव सांगितले नव्हते, पण भिंतीला टेकवलेल्या सायकलीवरून मला ती ओळखू आली. तो अंक माझ्या कपाटात होता. काल रात्री कथा पुन्हा वाचली. त्या दोन वाक्यांपैकी दुसरे वाक्य आहे, ‘दार लावून घ्या.’ वडील तोवर आत आलेले आहेत आणि मुलगा अजून अंगणातच आहे. ती हे कोणाला म्हणते?