‘चार्ज’ : आकार, आरोप, प्रभार की पदभार?

प्रश्न : ‘चार्ज’ या इंग्रजी शब्दापुढे कोशात शुल्क, आरोप, प्रभार, हल्ला, जबाबदारी असे अर्थ ओळीने दिलेले असतात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? भाषांतर करताना कुठे कोणता घ्यायचा, हे कशावरून ठरवावं?

प्रतिसाद : संबंध आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा आणि ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यावर माल लादणं. हे क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. ‘कार्गो’ त्याच कुळातला. माणसावर काम लादलं की पदभार, पैसे लादले की आकार, गुन्हा लादला की आरोप. बंदुकीत एका बारासाठी ठासायची दारू, तीही चार्जच. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास लायडन जारच्या (वीज साठवायच्या काचेच्या बरणीच्या) प्रयोगांबद्दल लिहिताना हाच शब्द विजेला लावला.

प्रतिसाद : विजेच्या बाबतीत एक चूक सारखी दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इलेक्ट्रॉनवर ऋण आणि प्रोटॉनवर धन विद्युतप्रभार असतो, दोन्हींचं मूल्य १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम (कूलोम हे प्रभाराचं एकक). इथे ‘प्रभार’ अगदी चोख बसतो. पण म्हणून ‘बॅटरी प्रभारित करा’ लिहू नये. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरताना साधारण १८,००० कूलोम प्रभार एका टोकातून आत जातो आणि तेवढाच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. बॅटरीतला एकूण प्रभार होता तेवढाच राहतो. साठते ती रासायनिक ऊर्जा. कपॅसिटर या विद्युत मंडलातल्या भागाच्या दोन पट्ट्या मात्र खरोखर प्रभारित होतात, एकीवर धन आणि दुसरीवर तितकाच ऋण. तेव्हा पाठ्यपुस्तकात कपॅसिटर ‘प्रभारित’ करावा आणि फोन सरळ ‘चार्ज’ करावा. तो शब्द मराठीत केव्हाच रुळला आहे.

प्रतिसाद : पैशांसाठी सरसकट ‘शुल्क’ वापरलं जातं, तेही तपासून घ्या. बिलात ‘स्थिर आकार’, ‘सेवा आकार’ हे शब्द रुळलेले आहेत. प्रवेश, परीक्षा, नोंदणी यांचं ‘शुल्क’.

प्रतिसाद : कायद्याच्या मजकुरात दोन जागा जपाव्या लागतात. पोलीस तपास संपवून दाखल करतात ते आरोपपत्र. पुढे न्यायालय कागद पाहून, पक्षकारांचं ऐकून आरोप निश्चित करतं. दोन्हीकडे इंग्रजीत ‘चार्ज’ असल्यामुळे आरोपपत्र दाखल होताच ‘न्यायालयाने आरोप ठेवले’ असं लिहिलं जातं, आणि खटला प्रत्यक्षात आहे त्याच्या एक पायरी पुढे गेल्याचा समज होतो.

दुसरी जागा मालमत्तेची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधला ‘चार्ज’ म्हणजे आरोपही नव्हे आणि शुल्कही नव्हे. रक्कम वसूल होण्यासाठी मालमत्ता तारण राहते, पण गहाणात होतं तसं तिच्यातल्या हक्काचं हस्तांतर होत नाही. त्याला आपल्याकडे ‘बोजा’ म्हणतात: जमिनीवर बोजा चढवणं, बोजा उतरवणं. मूळ अर्थाच्या इतका जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद : मूळ प्रश्नाकडे येतो. आधी शब्दयोगी अव्यय बघा. ‘चार्ज’नंतर ‘विथ’ आणि गुन्हा आला की आरोप. ‘फॉर’ आणि वस्तू किंवा सेवा आली की पैसे. ‘अॅट’ आलं की अंगावर धावून जाणं. बैल ‘चार्ज’ करतो तेव्हा तो ‘हल्ला चढवत’ नाही, अंगावर येतो. सैन्य चाल करून जातं. पोलिसांच्या संदर्भात लाठीमार.

सर्वांत फसवी जोडी ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ ही आहे. एका ‘द’ने कर्ता-कर्म उलटतं. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ आणि ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’, दोन्हींचं मराठी एकच: मुलाची जबाबदारी नर्सकडे आहे. घाईत दुसऱ्या वाक्यातलं मूलच नर्सचं प्रभारी होऊन बसतं. शिवाय ‘हर चार्जेस’ दिसलं की लगेच ‘तिचे दर’ लिहू नका. वाक्यात पाळणाघर, वसतिगृह किंवा दाई असेल, तर बहुधा ती ‘तिच्याकडे सांभाळायला असलेली मुलं’ असतात.