स्कॅनर आले, पण रीळ हाताळणारे हात कुठून आणणार?

कंदील

गेल्या आठवड्यात एका घरगुती संग्रहातले फिल्मच्या रिळांचे एकवीस डबे तपासायला गेले होते. अकराव्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं. नाण्याने कड सैल करत करत उघडलं, तर खोलीभर व्हिनेगरचा वास. ॲसिटेटची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची फिल्म, साधारण साठ वर्षांपूर्वीची. वरचे दहा-बारा वेढे कडक होऊन चिकटलेले, कडा पापडासारख्या वळलेल्या. खालचे वेढे मात्र अजून सुटे होते. लाइट टेबलवर भिंग लावलं, तर ओसरीवर एक बाई दाणे निवडत बसलेली. सुपातला दाणा न् दाणा दिसत होता.

माझ्याबरोबर दोन मुलं होती. हुशार, सिनेमाची आवड असलेली, मीडियाची पदवी घेतलेली. दोघांनीही त्या दिवसापर्यंत फिल्म हातात धरलेली नव्हती. एकाने रिळाचं टोक धरून सरळ ओढायला सुरुवात केली, मी ओरडले म्हणून थांबला. त्याचा दोष नाही. त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

पैसा आलाय हे मला माहीत आहे. जुने चित्रपट जपण्याच्या सरकारी योजनेसाठी, नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनसाठी, ५९७ कोटी मंजूर झाले. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यातून ३६३ कोटींचं रिस्टोरेशन (खराब झालेले चित्रपट पूर्ववत करणं) आणि २,२०० चित्रपट असं जाहीर केलं. आनंदच आहे. पण स्कॅनरवर चढण्याआधी प्रत्येक रीळ कुणीतरी हाताने उलगडायचं असतं. हजार फुटी रिळात १६,००० फ्रेम्स असतात. फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रं, म्हणजे रिळामागे १,२८,००० छिद्रं. ती बोटांखालून जातात, फाटलेली सांधली जातात, उकललेले जोड नव्याने मारले जातात, आकसलेली फिल्म गेजवर (मोजपट्टीवर) मोजली जाते. हे काम करणारं माणूस आठ दिवसांत तयार होत नाही.

माझं म्हणणं एवढंच: पुण्यात दोन वर्षांचं, विद्यावेतन असलेलं, टेबलावरचं प्रशिक्षण सुरू करा. पहिलं वर्ष फक्त फिल्म, कॉम्प्युटर दुसऱ्या वर्षी. यंत्रखरेदीइतकाच खर्च माणसांवर करा. विरोधी मतं जरूर मांडा.

गणिती

कंदीलताई, तळमळ पोचली, पण अजिबात सहमत नाही.

तो व्हिनेगरचा वास कुजण्याचा आहे, आणि हा व्हिनेगर सिंड्रोम थांबत नाही. ॲसिटेट कुजताना जे आम्ल सुटतं तेच कुजणं आणखी वाढवतं. एक डबा बिघडला की शेजारचेही लागतात. तुम्ही दोन वर्षं मुलं घडवाल, तोवर तुमच्या अकराव्या डब्यातली ती बाई शिल्लक राहील का? त्याही आधीच्या, भडकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मची गोष्ट तर आणखी वाईट. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागली आणि नायट्रेटची हजारो रिळं एका दिवसात गेली. नायट्रेट एकदा पेटलं की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, पाण्याखालीही विझत नाही. अशा वेळी अभ्यासक्रम आखत बसायचं?

माझा हिशोब साधा आहे. जे आहे ते आत्ता स्कॅन करा, सुबक नसलं तरी चालेल. ज्यांच्याकडे यंत्रं आणि माणसं तयार आहेत त्यांना कंत्राट द्या. फाइल हातात आली की रिस्टोरेशन दहा वर्षांनीही करता येईल. आजच्या स्कॅनरना छिद्रांत अडकणारी दातेरी चाकं लागत नाहीत, आकसलेली फिल्मही चालते.

कंदील

दातेरी चाकं लागत नाहीत, बरोबर. पण फिल्म सपाट तर लागते ना? आणि उकललेला जोड? तो तिथेही सुटतोच.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दिवसाला इतके फूट स्कॅन झालेच पाहिजेत असं कंत्राटात होतं. तपासणीला वेळच नाही. १६ मिमीचं एक रीळ तसंच चढवलं आणि जुना टेप-जोड सुटून पुढचा दीड-दोन फूट भाग चुरगळला. त्या कागदपत्रावर ‘मूळ प्रत सदोष’ असा शेरा पडला. सकाळपर्यंत ती प्रत धड होती.

आणि ‘सुबक नसलं तरी चालेल’ हे धोक्याचं आहे. एकदा फाइल झाली की डब्याकडे कोणी बघत नाही. दुसऱ्यांदा स्कॅन करायला पैसे कोण देणार?

निगेटिव्ह कटर

मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये २६ वर्षं निगेटिव्ह, म्हणजे मूळ चित्रित फिल्म, कापून जोडली. फिल्म बंद झाली, लॅब बंद झाली, आम्ही घरी.

ताई बोलतात ते खरं आहे, फक्त शाळेचं मला पटत नाही. आमच्या टेबलावर एकही पदवीवाला नव्हता. दहावी झालेली पोरं यायची. पहिले सहा महिने नुसतं रिवाइंडिंग. हातमोजे घालून फिल्मच्या कडेवर दोन बोटं ठेवायची, फाटलेलं छिद्र बोटाला कळलं पाहिजे. डोळे मिटून करायला लावायचे आमचे उस्ताद. इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली बाजू कुठली हे अंधारात ओळखायला फिल्मचं टोक ओल्या ओठाला लावायचं. चिकटली ती इमल्शनची. मग जोड. ब्लेडने इमल्शन खरवडायचं, कमी खरवडलं तर जोड धरत नाही, जास्त खरवडलं तर फिल्म पातळ होऊन तिथेच मोडते. फिल्म सिमेंटचा (जोडायच्या द्रावाचा) एकच हात, आणि दाबून धरायचं. ॲसिटेट सिमेंटने विरघळून एकजीव होते. पॉलिएस्टरच्या फिल्मला सिमेंट लागतच नाही, तिथे टेप नाहीतर अल्ट्रासॉनिक यंत्राचा जोड. पॉलिएस्टरवर सिमेंट लावत बसलेले मी आजकाल पाहिलेत.

आमच्यातले बरेच जण अजून आहेत. कोणी रिक्षा चालवतो, कोणी सोसायटीत वॉचमन आहे. साठी-सत्तरीत आहेत, हात अजून चालतात. आम्हाला कोणी विचारायला आलं नाही. इमारत बांधू नका, चार टेबलं मांडा आणि एकेका म्हाताऱ्यापाशी दोन-दोन पोरं बसवा.

वाचनमात्र

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ओल्या ओठाची गोष्ट कुठेतरी लिहून ठेवा, कृपा करून.

पिक्सेलवाला

मी दुसऱ्या टोकाचा माणूस. स्कॅन झाल्यावर जी फाइल येते तिची सफाई करतो. इथे सगळे फिल्मच्या टेबलाबद्दल बोलताहेत म्हणून आमच्या टेबलाचं सांगतो.

दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेम्स. ४के स्कॅनची एक फ्रेम सुमारे ५० एमबी, म्हणजे सगळा चित्रपट साडेआठ टीबीच्या वर. फ्रेममागे एकच मिनिट धरलं आणि दिवसाचे आठ तास काम केलं, तरी एका माणसाला ३६० दिवस लागतात. म्हणून सॉफ्टवेअरला लावलं जातं. सॉफ्टवेअर काय करतं? मागच्या आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही पण मधल्या फ्रेममध्ये आहे, असं जे काही दिसेल ते धूळ समजून पुसतं.

एका जुन्या मराठी चित्रपटावर काम चाललं होतं. नायिका देवघरात समई लावते आणि मान वळवते. वळताना नथीचा मोती एका फ्रेमपुरता लखकन चमकतो. सॉफ्टवेअरने तो पुसला. पुढे पावसाचं दृश्य, त्यातले निम्मे थेंब गेले. तलवारीच्या ठिणग्या गेल्या. तपासणाऱ्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, स्क्रीन स्वच्छ दिसतेय की. त्याने त्याचं काम नीट केलं होतं, डाग राहिला नव्हता. नथ चमकते हे त्याला माहीत नव्हतं.

ग्रेनचंही तेच. ग्रेन म्हणजे चित्र ज्याचं बनलंय ते चांदीचे कण. ते घासून काढले की माणसं मेणाची दिसतात.

तेव्हा ताई, पहिलं वर्ष फिल्म आणि दुसरं कॉम्प्युटर अशी वाटणी मला चुकीची वाटते. दोन्ही पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवा. फिल्मवर ओरखडा बघायचा आणि लगेच तोच ओरखडा पडद्यावर. फिल्मच्या पायाच्या (प्लॅस्टिकच्या) बाजूचा ओरखडा आणि इमल्शनवरचा ओरखडा यांतला फरक तेव्हाच कळतो. आणि रोज एक जुना चित्रपट पूर्ण बघायचा, सक्तीने.

गणिती

पिक्सेलवाले, तुमच्याच आकड्यांनी माझं म्हणणं सिद्ध होतंय. एका माणसाचं एक वर्ष म्हणजे एक चित्रपट. २,२०० चित्रपटांना किती माणसं लागतील? ३६३ कोटी भागिले २,२००, म्हणजे सरासरी साडेसोळा लाख. त्यात उस्ताद, विद्यावेतन, रोज एक चित्रपट हे कुठून बसवायचं? सगळंच जपता येणार नाही हे आधी मान्य करावं लागेल.

कंदील

सगळंच जपता येणार नाही, मान्य. कुठलं आधी घ्यायचं हेही रीळ तपासणाऱ्या माणसालाच कळतं. डब्यात ए-डी पट्टी, म्हणजे आम्ल ओळखणारी कागदी पट्टी, ठेवली की निळी पट्टी हिरवी होतेय की पिवळी, त्यावरून कळतं की हा डबा थांबेल की नाही. पिवळी झाली की तो रांगेत पुढे. अशी चाळणी न लावता कंत्राट दिलं की सोपी, धडधाकट रिळं आधी स्कॅन होतात, कारण तिथे आकडा भराभर चढतो. कुजणारी मागे राहतात. तुमची घाई ज्यांच्यासाठी आहे तीच रिळं मागे राहतात, गणितीसाहेब.

सत्यजित रायांच्या अपू चित्रत्रयीचं उदाहरण घ्या. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि मूळ निगेटिव्ह होरपळल्या. कुठलंही यंत्र त्या घेईना. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये माणसांनी त्या फिल्मला ओलावा देऊन मऊ केलं, वितळलेले जोड सोडवले, कडा आणि छिद्रं हाताने बांधली. जवळजवळ हजार तास. शेवटी ‘पथेर पांचाली’चा ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ते हात बोलोन्यात होते, म्हणून आपल्या फिल्मला तिथे जावं लागलं.

अकरा महिने

मी हे प्रशिक्षण घेतलंय, म्हणून लिहिते.

फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून ‘फियाफ’बरोबर (फिल्म संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाबरोबर) भारतात कार्यशाळा घेतं. पहिली मुंबईत झाली, २०१६ ची पुण्याच्या फिल्म संग्रहालयात. मी नंतरच्या एकीला होते. परदेशातून शिकवायला आलेली माणसं एकेका मुलाच्या शेजारी उभी राहून बोट कसं ठेवायचं ते दाखवत होती. आयुष्यात इतकं मन लावून मी काही शिकले नाही.

त्यानंतर एका ठिकाणी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागले. अकरा महिने संपले, एक दिवस घरी, परत अकरा महिने. तिसऱ्या वेळी बोलावलंच नाही. माझ्या जागी जी मुलगी आली तिने कधी रिवाइंडर पाहिला नव्हता, तिला मीच फोनवर समजावत होते. आज मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. कोल्हापूरच्या भाड्याच्या खोलीत माझे सुती हातमोजे अजून ठेवलेत.

कंदीलताई, तुम्ही दोन वर्षं म्हणा नाहीतर पाच म्हणा, पदं मंजूर नसतील तर त्या मुलांना बोलावू नका. अमेरिकेत रॉचेस्टरला फिल्म जपायला शिकवणारं सेल्झनिक स्कूल १९९६ पासून आहे, पण तिथली मुलं बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यासाठी अर्ज करायला चार-दोन अर्काइव्हज (फिल्म संग्रहालयं) तरी असतात. आपल्याकडे किती आहेत? आधी पद, मग प्रशिक्षण. उलट केलंत तर फसवणूक होते. हा शब्द मी विचार करून वापरतेय.

वाचनमात्र

या प्रतिसादाला उत्तर नाही. पटलं.

सांगलीकर

थोडा वेगळा मुद्दा. सरकारी पैशांतून रिस्टोर झालेले चित्रपट आम्हाला बघायला कधी मिळणार? ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी पहिली आणि शेवटची एवढी दोनच रिळं उरलीत, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ तर गेलाच, आम्ही कोल्हापूर-सांगलीची माणसं त्याच्याबद्दल फक्त वाचतो. लोकांनी पाहिलं तर लोक मागणी करतील, आणि मागणी असेल तरच ‘अकरा महिने’ म्हणतात ती पदं निघतील. तंत्रज्ञांच्या आधी प्रेक्षक घडवा, असं माझं मत.

कंदील

अकरा महिने, तुमचं म्हणणं मान्य करते. माझ्या मूळ मांडणीत हे नव्हतं आणि असायला हवं होतं. बदल करून लिहिते: आधी मंजूर पदं, कंत्राटी नाहीत. जितकी पदं तितकीच मुलं, मग ती सहा असली तरी चालतील. पहिल्या दिवसापासून पगार. पिक्सेलवाल्यांचं दोन टेबलं शेजारी ठेवण्याचंही घेते. काकांसारखे उस्ताद मानधनावर, आणि ते शिकवतील तेव्हा कॅमेरा चालू.

दोन वर्षांवर मात्र ठाम आहे. पी. के. नायर साहेब १९६५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आले आणि १९९१ पर्यंत डबे गोळा करत राहिले. गावोगावच्या वितरकांकडून, गोदामांतून, फिल्ममधली चांदी काढायला निघालेल्या ढिगांतून. २०१६ मध्ये ते गेले. त्यांनी आणलेला डबा उघडायला शिकलेलं माणूस हवं.

गणिती

सहा मुलं आणि मंजूर पदं, याला माझी हरकत नाही. पण त्या दोन वर्षांत स्कॅनिंग थांबवायचं नाही, यावर मी अजूनही ठाम आहे. कंत्राटात एक अट घाला: तपासणी अहवालाशिवाय रीळ यंत्रावर चढणार नाही, आणि पैसे फुटांवर मोजायचे नाहीत.

कंदील

पैसे फुटांवर मोजायचे नाहीत, हे लिहून घेतलं. ‘थांबवायचं नाही’ यावर अजून भांडायचंय.

निगेटिव्ह कटर

ताई, त्या अकराव्या डब्याचे वरचे वेढे जबरदस्तीने सोडवू नका. डबा इतरांपासून वेगळा ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, झाकण घट्ट लावू नका, वास बाहेर पडू दे. मी पुढच्या रविवारी पुण्यात येतोय. माझा जुना स्प्लायसर (जोड मारायचं यंत्र) आणि ब्लेड घेऊन येतो. त्या दोन्ही पोरांना बोलावून ठेवा, आणि कोल्हापूरच्या मुलीला जमत असेल तर तिलाही. तिच्या गाडीभाड्याचं मी बघतो.