गलाईच्या भट्टीवरील बावीस वर्षांना पदवीचे श्रेयांक मिळावेत का?

विटेकर (विटा, जि. सांगली), मूळ मुद्दा

बारावी विज्ञान शाखेतून १९९९ साली उत्तीर्ण झालो आणि खानापूर-आटपाडीकडची मुले पिढ्यान्‌पिढ्या करत आली तेच मीही केले. चुलत्यांच्या मागोमाग गलाईच्या धंद्यात परमुलखात गेलो. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानातला केरकचरा गाळून त्यातले शुद्ध सोने-चांदी वेगळे काढणे म्हणजे गलाई. पावसाने पाठ फिरवलेल्या आमच्या भागातली हजारो घरे याच धंद्यावर उभी राहिली.

बावीस वर्षांनी गावी परतल्यावर रसायनशास्त्राची पदवी घ्यावी असे मनात आले. एका महाविद्यालयात चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, की पहिल्या सत्रापासून सगळे विषय, सगळी प्रात्यक्षिके आणि सगळी हजेरी भरावी लागेल. प्रात्यक्षिकांची वही चाळली तर त्यात एक कृती अशी होती, की दिलेल्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत आणि पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, आल्यास क्लोराइड आहे असे लिहावे. मी हेच आयुष्यभर उलट्या बाजूने करत आलो आहे. सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून त्याचा बारीक रवा केला आणि तो तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकला, की चांदी विरघळते आणि सोने तळाशी राहते. ते द्रावण बोअरच्या पाण्याने पातळ केले तर दुधासारखे पांढरे होते, म्हणून तसले पाणी आम्ही भट्टीजवळ आणूही देत नसू. मग तांब्याची पट्टी सोडायची. चांदी तिच्यावर बसत जाते आणि पाणी निळे होते.

एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अध्ययनाच्या ३० तासांना एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आणि वर्षाला ४० श्रेयांक असा हिशेब आहे, आणि अनुभवातून आलेल्या शिक्षणालाही त्यात जागा आहे. मला घरबसल्या पदवी नको. मला उद्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसवा. उत्तीर्ण झालो तर ते श्रेयांक माझ्या खात्यावर जमा करा, नापास झालो तर मी मुकाट्याने वर्गात येऊन बसेन. अमेरिकेत ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा १९६७ पासून आहेत; त्यात विषय कोठे शिकलात हे कोणी विचारत नाही, येतो की नाही एवढेच पाहतात, आणि श्रेयांक द्यायचे की नाही हे प्रत्येक महाविद्यालय ठरवते. आपल्याकडे यात अडचण कोणती आहे?

रसायनशास्त्राच्या अध्यापिका (सांगली)

विटेकर, आपण वर्णन केलेली कृती अचूक आहे, आणि आमच्या दुसऱ्या वर्षाच्या कित्येक विद्यार्थ्यांना ती इतक्या नेमकेपणाने सांगता येणार नाही, हे आधीच मान्य करते. तरीही माझा विरोध आहे.

आपल्याला चांदी, सोने, तांबे आणि आणखी दोन-चार धातूंचे वागणे ठाऊक आहे. अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला अनोळखी मिश्रण दिले जाते. त्यात शिसे असेल, बेरियम असेल, कदाचित अमोनियमही असेल, आणि एकेक गट वगळत त्याला उत्तराकडे जावे लागते. ही वगळण्याची शिस्त भट्टीवर लागत नाही, कारण मुशीत काय आहे हे तेथे बव्हंशी आधीच माहीत असते. बोअरचे पाणी वापरू नये हे आपल्याला ठाऊक होते, पण का वापरू नये?

दुसरी गोष्ट. ज्या आराखड्याचा आपण आधार घेता त्यात श्रेयांकाआधी मूल्यमापन सक्तीचे आहे, हे खरे. परंतु त्याच आराखड्यात अनुभवाच्या वर्षांनुसार श्रेयांकांना जास्तीत जास्त दुप्पट भार देण्याची तरतूद आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही. दोघांनी तीच परीक्षा दिली, दोघांना तेच गुण मिळाले, तर एकाची वर्षे अधिक भरली म्हणून त्याचे ज्ञान दुप्पट कसे झाले? तेच काम वीस वर्षे करणाऱ्याला कधी वीस वर्षांचा अनुभव मिळतो, तर कधी एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा.

माजी सुभेदार (सातारा)

मॅडम, वर्षांना काहीच किंमत नाही असे सरकार तरी मानत नाही. दहावी उत्तीर्ण सैनिकाने सैन्यदलात किमान १५ वर्षे सेवा केली असेल, तर पदवी ही किमान पात्रता असलेल्या गट ‘क’च्या बिगर-तांत्रिक पदांसाठी केंद्र सरकार त्याला पात्र धरते. आमच्या जिल्ह्यात घरटी एक शिपाई असलेली गावे आहेत, त्यामुळे या नियमाचा फायदा घेतलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत.

पण गंमत अशी, की ही समतुल्यता नोकरीपुरतीच आहे. माझ्या पलटणीतला एक सहकारी याच नियमाने कारकून झाला, आणि पुढे एम. ए. करावे म्हणून अर्ज घेऊन गेला तेव्हा पदवी नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. मूळ पदवीशिवाय मुक्त पद्धतीने घेतलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य नाही, असा निर्णय २००९ साली अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला असल्याने त्या कचेरीला तरी दोष कसा द्यावा? सरकारी टेबलावर पदवीधराच्या बरोबरीचा आणि विद्यापीठाच्या टेबलावर बारावीच्याही खालचा, असा हा माणूस आहे. २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, जी पदवी जाहीर झाली, तिच्यात निम्मे श्रेयांक सेवेतील कौशल्य-प्रशिक्षणाचे धरले आहेत. चार वर्षांच्या अग्निवीराला जे चालते ते बावीस वर्षांच्या गलाईवाल्याला का चालू नये?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी (सातारा)

साताऱ्यात राहून एक आठवण द्यावीशी वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलांनी शेतात आणि बांधकामावर राबून शिक्षण घेतले, पण त्या राबण्याचे दाम मिळत होते, गुण मिळत नव्हते. मीही सकाळी दूध संकलन केंद्रावर काम करून ७५ टक्के हजेरी भरतो. त्या कामातून मी दुधातला फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, मोजायला शिकलो, म्हणून मला कोणी श्रेयांक देणार आहे का?

विटेकर

द्यायला हवेत, असेच तर मी म्हणतो आहे. दुधाचा फॅट तपासण्याची रीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिकवली तर अभ्यास आणि डेअरीत शिकलो तर मजुरी, हा भेद मला समजत नाही.

अध्यापिका मॅडमचा दुप्पट भाराचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तो हट्ट मी धरणार नाही. परीक्षेत जेवढे दिसेल तेवढेच मोजा.

फाउंड्रीतील पर्यवेक्षक (जि. सांगली)

दोन्ही बाजूंचे वाचले, पण खरी भीती कोणी बोलत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून पूर्वज्ञान-मान्यतेची, म्हणजे आधीपासून अंगी असलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची, सोय आहे आणि तिचा हेतू चांगलाच आहे. आमच्याकडे ती राबवायला जी मंडळी आली, त्यांनी मोल्डिंगवरच्या कामगारांना एका खोलीत बसवले, माहिती सांगितली, छायाचित्रे काढली आणि प्रमाणपत्रे वाटली. त्यांतला एक जण वाळूतील ओलावा नुसत्या मुठीने ओळखणारा होता, तर दुसरा तीन महिन्यांपूर्वी झाडूकाम सोडून आलेला. प्रमाणपत्र दोघांचे सारखेच. त्यामुळे ते कागद आज कोणी विचारत नाही, आणि त्यात नुकसान झाले ते पहिल्याचे. विद्यापीठाचे श्रेयांक याच वाटेने गेले तर पदवीचे काय होईल याचा विचार विटेकरांनीच करावा.

विटेकर

आपला अनुभव खोटा ठरवता येणार नाही. पण तेथे बिघडले ते परीक्षेमुळे नव्हे, तर परीक्षाच झाली नाही म्हणून. फ्रान्समध्ये जानेवारी २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या आधारे पूर्ण पदवीसुद्धा मिळू शकते. मात्र उमेदवाराला आपल्या कामाची सविस्तर नोंदवही लिहावी लागते आणि परीक्षक मंडळापुढे उभे राहावे लागते. त्या मंडळात प्राध्यापकांबरोबर व्यवसायातली माणसेही बसतात, आणि ते पूर्ण, अर्धवट किंवा शून्य अशी कोणतीही मान्यता देऊ शकते. माझी परीक्षा घ्यायला एक प्राध्यापक आणि एक जुना गलाईवाला बसवा. प्राध्यापकाला मी शब्दांनी फसवू शकणार नाही आणि गलाईवाल्याला हातांनी.

बोअरच्या पाण्याचे ‘का’ मला भट्टीवर कळले नव्हते, हे कबूल करतो. ते मला प्रात्यक्षिकाच्या वहीतली ती ओळ वाचताना कळले: त्या पाण्यात क्लोराइड असते, चांदीशी त्याचा संयोग होतो, आणि आम्ही ज्याला पाणी ‘फुटले’ म्हणत होतो तो सिल्व्हर क्लोराइड होता. बावीस वर्षांचे कोडे एका ओळीत सुटले. ही गोष्ट माझ्या बाजूची की आपल्या, ते आपणच ठरवा.

रसायनशास्त्राच्या अध्यापिका

ती माझ्या बाजूची आहे, असे मी अर्थातच म्हणेन. पण एका ओळीत कोडे सुटले ते आधी बावीस वर्षे पडलेले होते म्हणून, हेही म्हटले पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांना ती ओळ वाचून काहीच होत नाही.

दोन परीक्षकांची कल्पना मला मान्य होण्यासारखी आहे, आणि अनोळखी मिश्रण दिले जाईल ही अट आपण स्वीकारत असाल तर प्रात्यक्षिकापुरता माझा विरोध मी मागे घेते. लेखी विषयांबाबत नाही. आता तोंडी परीक्षेत मी पहिला प्रश्न जो विचारीन तो येथेच विचारते. चांदी निघाल्यावर उरणारे ते निळे पाणी आपण काय करत होता, आणि तेजाबात रवा टाकताना उठणारा तपकिरी धूर कोठे जात होता?

विटेकर

पाणी गटारात जात होते आणि धूर खिडकीतून गल्लीत. तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो हे अलीकडे वाचले. चुलत्यांना अखेरीस धाप लागत असे, तिचे कारण तोच होता की नाही हे मला सांगता येणार नाही. त्या निळ्या पाण्यातले तांबे कसे काढायचे हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

अनोळखी मिश्रणाची अट मान्य आहे. पर्यावरण रसायनाच्या विषयाला मी पहिल्या बाकावर बसेन आणि पूर्ण हजेरी भरेन. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाचे सत्रातले ६० तास तेवढे मला परीक्षा देऊन वाचवू द्या. जूनमध्ये प्राचार्यांना द्यायचा अर्ज मी याच मुद्द्यांवर लिहायला घेतला आहे.