शब्दचर्चा: कळणा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (माहेर पुणे, सासर अमळनेर)

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी डबा हातात दिला आणि म्हणाल्या, ‘गिरणीत कळणा टाकून ये.’ गिरणीवाल्यानं झाकण उघडून विचारलं, ‘कळणा का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, ज्वारी आहे. उडीद चुकून पडलेत वाटतं, काढून देते.’ रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मला ‘कळणाकोंडा’ एवढाच शब्द माहीत होता, तोही गरिबाचं खाणं या अर्थानं. इथे तर पाहुणे आले की कौतुकानं कळण्याची भाकरी करतात. शब्द एकच की दोन?

उत्तर (जळगाव)

शब्द एकच, नशीब पालटलेलं. डाळी भरडताना, पाखडताना जो चुरा आणि टरफलं उरतात तो कळणा, हा जुना आणि महाराष्ट्रभर चालणारा अर्थ. कोंड्याशी त्याची जोडी लागली ती म्हणूनच. खानदेशात मात्र कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, थोडे मेथीदाणे आणि खडेमीठ, तेही दळतानाच. काही घरी उडीद जास्त असतात. दोन जावा एका छताखाली असल्या तर यावरून वाद होतोच.

जुन्या अर्थाशी धागा कुठे आहे? माझ्या मते सालात. उडदाची सालं पिठात राहतात, म्हणून भाकरी करडी होते आणि तिच्यावर काळे ठिपके दिसतात. चुऱ्या-सालांच्या पिठाला जे नाव होतं तेच पुढे मुद्दाम केलेल्या पिठाला चिकटलं असावं. उडदाला चिकटपणा असतो, त्यामुळे ही भाकरी थापताना कडेला चिरत नाही. नुसत्या ज्वारीची भाकरी ज्यांना जमत नाही त्यांनी कळण्यानं सुरुवात करावी. सोबत ठेचा, कच्चं शेंगदाणा तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. दुसरं काही लागत नाही, आणि लोणी वगैरे मागणाऱ्याला माझा विरोध आहे.

उच्चाराचंही सांगतो. अहिराणीत ‘कळनानी भाकर’ म्हणतील. आमच्या लेवा बोलीत ळ-चा य होतो (डाळ नव्हे दाय, डोळे नव्हे डोये), म्हणून माझी आजी ‘कयन्याची भाकर’ म्हणायची. शाळेत मी ‘कयना’ लिहिला होता आणि बाईंनी लाल शाईनं ‘करुणा’ केला होता.

प्रतिसाद (मालवण)

आमच्याकडे कळण हा पातळ पदार्थ. कुळीथ किंवा मूग शिजवायचे, वरचं पाणी काढायचं, त्याला लसणीची फोडणी. भाताबरोबर घ्या नाहीतर वाटीनं प्या. त्यात पीठ, भाकरी कशाचाही संबंध नाही. खानदेशी मित्रानं ‘डब्यात कळणा आणलाय’ म्हटलं तेव्हा मी चमचा शोधत होतो.

जळगाव

कळण आणि कळणा, एका कान्याचा फरक आणि ताट वेगळं! पण यावरून एक लक्षात आलं. कडधान्य शिजवून काढलेल्या पाण्याला प्रत्येक मुलखात वेगळं नाव आहे. तुमचं कळण, देशावर मुगाचं कढण. पुरणाच्या डाळीचं पाणी म्हणजे कट, सातारा-कोल्हापूरकडे येळवणी. येळवणीत वेळणं दिसतं, म्हणजे शिजलेल्यातलं पाणी निथळून काढणं. त्याच पाण्याची आमच्याकडे होते रशी.

अमळनेर

रशी म्हणजे रस्साच ना? पहिल्या वर्षी मी ‘कटाची आमटी वाढू का’ विचारलं तर दीर म्हणाले, ‘आमटी नको वहिनी, रशी द्या.’ पातेलं तेच होतं.

जळगाव

रस्सा आणि रशी एकाच रसातून आले, पण वापर वेगळा. पुरणाबरोबर येते ती रशीच. कटाच्या आमटीत गूळ आणि चिंच असते, रशीला गोडाची गरज नाही. चुलीवर भाजलेलं खोबरं आणि कांदा, काळा मसाला, वर बोटभर तवंग. पातोड्यांचीही रशी म्हणतात. शेवेच्या भाजीला मात्र कुणी ‘शेवेची रशी’ म्हटलेलं ऐकलं नाही, तिथे भाजीच. याला नियम विचारू नका.

प्रतिसाद (नाशिक)

खापराची पोळी म्हणजे फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर भाजतात का? खापर म्हणजे तुकडाच ना?

जळगाव

बाकीकडे तुकडा, इथे अख्खं भांडं. रुंद गोल बुडाचं मातीचं खापर चुलीवर उपडं घालतात आणि बुडावर पोळी टाकतात. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, सैल कणीक. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि मग पोळी हातांवर घ्यायची. करणारी बाई ती या हातावरून त्या हातावर फिरवत जाते, पोळी मनगटावरून कोपरापर्यंत पसरते, तरी पुरण बाहेर येत नाही. मग एका झोक्यात खापरावर. माझ्या मोठ्या काकूच्या हातांना कोपरापर्यंत बारीक डाग होते, कारण खापर झोक्याला क्षमा करत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराची पोळी आणि आमरस नसेल तर सण झालाच नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे हातही भरपूर असतात.

यालाच मांडे म्हणतात. बेळगावचे मांडे निराळे: कुरकुरीत, पिठीसाखरेचे, डब्यात टिकणारे. आमचे मऊ, घडीचे, त्याच दिवशीचे. मुक्ताबाईला मांडे भाजायला कुंभाराकडून भांडं मिळू दिलं नाही आणि ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्ताबाईचं समाधिस्थान मानतात ते मुक्ताईनगर, पूर्वीचं एदलाबाद, आमच्याच जिल्ह्यात. ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार का पडला हे ज्याला कळत नसेल त्यानं एकदा घरी मांडे करून पाहावेत. मनात खाणंच सोपं आहे.

नाशिक

आणि दादर? भुसावळच्या बाजारात एक आजी ओरडत होती, ‘दादर घ्या, दादर!’ मी मुंबईकर पाहुण्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

जळगाव

दादर ही आमची रब्बीची ज्वारी. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. भाकरी गोडसर आणि मऊ. खानदेशी माणूस ‘दादरची भाकरी’ म्हणतो तेव्हा लोकलचा काही संबंध नसतो.

प्रतिसाद (धुळे)

भरीत राहिलंच. पुण्यात ‘भरीत’ मागवलं तर दह्यात कालवलेलं आलं. आमच्याकडे भरीत म्हटलं की हिरवी-पांढरी मोठी वांगी, तुरीच्या काड्यांवर नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी लोक नाव घेऊन मागतात. भाजलेली वांगी ज्या लाकडी भांड्यात ठेचतात ती बडगी. तिचा आणि ‘बडगा दाखवणे’मधल्या बडग्याचा काही संबंध आहे का?

जळगाव

दिसायला सारखे म्हणून नातं लावू नये. बडगा मारायचा, बडगीत मार खायचा, एवढंच आज म्हणता येईल. भरितासोबत मात्र कळण्याची पुरी हवी. म्हणजे फिरून आपण पहिल्या प्रश्नावर आलो.

अमळनेर

ही सगळी चर्चा काल सासूबाईंना वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या. मालवणचं कळण ऐकून हात थांबला. ‘म्हणजे पाणी स्वतः पितात? आणि कुळीथ?’ मी म्हटलं, त्याची उसळ करतात. ‘मग ठीक,’ म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. आज पुन्हा डबा हातात दिलाय. या वेळी झाकण मी स्वतः उघडणार आहे.