सणाला शेजारी काय देता? घरी केलेल्या भेटींचे अनुभव लिहा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या गल्लीत बायकांचा एकच विषय असतो, दिवाळीला कुणाला काय द्यायचं. आठ-दहा घरांना मिठाईचे बॉक्स पगारात बसत नाहीत. शिवाय तो बॉक्स न उघडताच तिसऱ्या घरी गेलेला सगळ्यांनीच पाहिलाय. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या सगळ्यांना विचारते. घरी केलेलं, कमी खर्चाचं आणि घेणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडलेलं असं काय दिलंत? संक्रांत, पंचमी, ईद, नाताळ, कोणताही सण चालेल. प्रमाण लिहा आणि किती दिवस टिकतं तेही लिहा.

सुरुवात मीच करते. मी शेंगाचटणी देते. चार दिवस लाडू, करंज्या, चकल्या खाल्ल्यावर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला भाकरी आणि झणझणीत काहीतरी हवं असतं. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून सालं काढायची. त्यात लसणाचा एक मोठा गड्डा, दोन चमचे जिरं, मीठ, सुपारीएवढा गूळ. तिखट दोन तऱ्हेचं, रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला संकेश्वरी. मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. खलबत्त्यात कुटलं की शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा धरणारी होते. कोरड्या बरणीत दोन-तीन आठवडे सहज राहते.

खानापूरची लेक
आमची दिवाळीची भेट मे महिन्यातच तयार होते. माहेरी परसात रातांब्याची झाडं आहेत. पिकलेली फळं फोडून गर वेगळा करायचा, त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची आणि उन्हात टाकायची. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. सालं काळपट लाल आणि चिवट होईपर्यंत हे चालतं. वळवाच्या आत उरकावं लागतं, एक सर आली तरी बुरशी धरते. मग काचेच्या बरणीत. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या डब्यात कधी ठेवू नका, आंबटानं भांडं खातं आणि चव बिघडते. शहरातल्या मैत्रिणींना दिवाळीत पाव-पाव किलोची पुडी देते. वर्षभर आमटीत पडतात. दुकानातली आमसुलं मिळतात हो, पण त्यांत मीठच फार असतं.

सोबत आमच्या कुंभारांच्या पणत्या. खानापूरची माती भांड्यांसाठी नावाजलेली, इथं मातीकामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. पणत्या देताना एवढं नक्की सांगा, की वापरायच्या आदल्या दिवशी त्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि वाळवून घ्यायच्या. कोरी पणती तेल पिते. भिजवलेली कमी पिते.

वडगावचा माग
आमचं घर विणकरांचं. घरात यंत्रमाग आहेत, साडीचे डागी तुकडे आणि काठांचे उरलेले पट्टे नेहमीच पडून असतात. पूर्वी ते वजनावर जायचे. 2016 मध्ये कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या वैनी त्या तुकड्यांच्या बाजारच्या पिशव्या शिवतात. आत जुन्या चादरीचं अस्तर, तोंडाला काठ, बंद दुहेरी शिवणीचे. हे बंद पिशवीच्या तळाखालून फिरवून घेतले तर पाच किलो बटाट्यानंही उसवत नाहीत. नुसते वर टाचलेले बंद लगेच निघतात. खर्च दोऱ्याचा. पण मला समाधान वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. शनिवारच्या बाजारात ओळखीची माणसं आमच्या मागावरचा काठ हातात घेऊन फिरताना दिसतात. या धंद्यात आता पोरं थांबत नाहीत, तेव्हा हे दिसणं मला फार मोलाचं आहे.

भाग्यनगर, बेळगाव
वर चटणीत लसूण आहे म्हणून लिहिते. आपल्याकडं शेजारी जैन कुटुंबं पुष्कळ. त्यांना देताना लसूण गाळून जवस किंवा कारळ्याची चटणी करा. कारळं भाजताना तडतडलं की लगेच उतरवायचं, जास्त झालं की कडू. बरणीवर ‘लसूण नाही’ अशी चिठ्ठी लावते, मराठीत आणि कन्नडमध्ये. आजीबाई निर्धास्त खातात.

चिकोडीची सून
माझं माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळं मला सण दुप्पट आणि कामही दुप्पट. पंचमीला सासूबाई, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, उंड्या करतात. शेंगदाण्याच्या, तिळाच्या, लाह्यांच्या, सगळ्या गुळाच्या पाकातल्या. प्रत्येक घरी ताटलीभर जातात. मी त्यात भर घातली ती संक्रांतीच्या हलव्याची. आमच्या आईकडं हलवा, अव्वांकडं कुसरेळ्ळू, काम तेच.

हलव्याला पैसा लागत नाही, बसण्याची तयारी लागते. वाटीभर तीळ धुऊन, वाळवून, किंचित भाजून परातीत घ्यायचे. परातीखाली अगदी मंद निखारा. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी काढायची, मग पाक एकतारी करायचा. एका वेळी एकच चमचा पाक तिळावर आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. कोरडं झालं की पुढचा चमचा. रोज दीड-दोन तास, असे काही दिवस. थंडी जेवढी चांगली तेवढा काटा चांगला, आणि आमच्याकडं जानेवारीत थंडी कडक पडते. पहिल्या वर्षी अव्वा लांबून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी स्वतः परात पुढं ओढून बसल्या. आता गल्लीत कुणाचं बाळ पहिल्या संक्रांतीचं असलं तर त्याचे हलव्याचे दागिने आमच्या घरातूनच जातात. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं सुईदोऱ्यानं पुठ्ठ्यावर. बाजारात हेच घ्यायला गेलं तर आईबापांना परवडत नाही.

येळ्ळूरचं शिवार
आमच्यात काय, भात हाय बगा. जुना बासमती किलो-किलो पिशवीत घालून देतो. माझ्या नणंदेच्या शेजारणी वर्षभर वाट बघतात त्याची. नवा तांदूळ देऊ नका की ओ, गिच्च होतंय. वर्षभराचा मुरलेला द्या. पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो मी, किडा लागत न्हाई.

निपाणी
आमची आई विड्या वळायची. सुपातला तंबाखू संपला की त्याच बोटांनी संध्याकाळी कापसाच्या वाती वळायची. फुलवाती निरंजनाला आणि लांब वाती समईला. दिवाळीआधी ओळखीच्या प्रत्येक घरी एक पुडी, जुन्या वहीच्या कागदात. द्यायला दुसरं काही नसायचं तेव्हाही आईची पुडी कधी चुकली नाही. आता मी चांगली नोकरी करतो, तरी तीच भेट देतो. वाती बायकोबरोबर बसून वळतो. सरकी काढलेला कापूस घ्या, औषधाच्या दुकानातला नको. वळताना बोटांना दुधाचा थेंब किंवा चिमूटभर रांगोळी लावली की वात घट्ट बसते. ज्यांच्याकडं रोज दिवा लागतो, त्यांच्याकडं ही पुडी तुळशीच्या लग्नापर्यंतही पुरत नाही. पुन्हा मागायला येतात, आणि ते मागणं मला आवडतं.

कॅम्प, बेळगाव
आमच्या वाड्यात ईदला शीरखुर्मा येतो, नाताळात नेवऱ्या आणि केक. आम्ही दिवाळीला उटणं देतो, कारण खाण्याचं सगळ्यांकडंच ढीगभर असतं. मसूर डाळीचं पीठ दोन वाट्या, मुलतानी माती एक वाटी, वाळलेल्या संत्र्याच्या सालींची पूड एक वाटी, आंबेहळद पाव वाटी, नागरमोथा आणि वाळा थोडा थोडा. पातळ कापडातून दोनदा चाळा, नाहीतर अंगाला टोचतं.

संकेश्वर
आपली दुधाची मिठाई, कुंदा, घरी करून देता येईल का? कुणी केलाय?

धागाकर्ती
करता येतो, मी करते. पण तो फक्त भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यांसाठी, कारण तो दोन दिवसांत संपवावा लागतो. म्हशीचं दोन लिटर दूध निम्मं आटवून चमचाभर दही घालायचं, म्हणजे रवाळ होतं. साखर पावणेदोनशे ग्रॅम. त्यातली मूठभर वेगळ्या कढईत तांबूस करून मग दुधात सोडायची, कुंद्याचा रंग तिथून येतो. सतत ढवळा, पाठ फिरवली की तळाला लागतो. चिकोडीच्या ताईंना एक विचारायचं आहे. माझ्या हलव्याला काटा येत नाही, गोल गुळगुळीत दाणे होतात. काय करू?

चिकोडीची सून
ताई, पाक जास्त पडतोय किंवा परात तापतेय. चमचा अर्धा करा, निखारा राखेनं झाका आणि सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवून. तरी नाही जमलं तर थंडीत आमच्याकडं या, अव्वांची परात मोठी आहे.