आल्देया, विला, मोंते : सगळ्यांना ‘खेडं’ म्हणावं का?

प्रश्न : पोर्तुगीज कथेचा अनुवाद करतेय. आल्देया, विला आणि मोंते या तिन्हींसाठी ‘खेडं’ वापरलं तर चालेल का?

उत्तर : आल्देयाला चालेल. हा शब्द मूळचा अरबी, ‘दैआ’ म्हणजे शेतजमीन, जमीनदारी, त्यावरून आलेला.

विलाला मात्र खेडं म्हणू नका, ही चूक फार होते. विला लोकसंख्येवरून ठरत नसे, मानावरून ठरे. राजाने सनद दिली की वस्ती विला व्हायची, चौकात पेलोरिन्यो नावाचा दगडी खांब उभा राहायचा आणि गुन्हेगाराला तिथेच बांधून शिक्षा व्हायची. लिस्बनजवळचं सिंत्रा आजही विलाच आहे, जरी त्या नावाच्या पालिका हद्दीत तीन लाखांहून जास्त लोक राहतात. आपल्या जुन्या दप्तरांत गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लिहिलंय की ‘कसबे’, यावरून त्या गावाचा दर्जा कळतो. ‘कसबे पुणे’ आठवा. म्हणून माझं मत : विला म्हणजे कसबा. मौजे आणि कसबा हे शब्दही अरबीतूनच आले, हे मला फार आवडतं.

मोंतेचा कोशातला पहिला अर्थ डोंगर, टेकडी. पण तुमची कथा दक्षिणेकडच्या आलेंतेजूतली असेल तर ‘तो मोंतेवर राहतो’ याचा टेकडीशी संबंध नाही. तिथे मोंते म्हणजे गावापासून दूर, शेतातच बांधलेलं घर : चुन्याने पांढरं केलेलं, खाली निळा पट्टा, शेजारी गोठा. आपल्याकडे ‘आम्ही गावात नाही, वस्तीवर राहतो’ म्हणतात ना, तेच. ‘वस्ती’ किंवा ‘मळा’ लिहा.

प्रश्न : आणि फ्रेगेझिया?

उत्तर : मुळात चर्चची हद्द, आता स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान घटक. एका फ्रेगेझियात अनेक आल्देया असू शकतात, म्हणून ‘गट ग्रामपंचायत’ जवळचं वाटतं. त्याच कुळातला ‘फ्रेगेश’ म्हणजे गिऱ्हाईक. दुकानातल्या प्रसंगात आला तर त्याला ‘गावकरी’ करू नका.

प्रश्न : एक पात्र लिस्बनमध्ये नोकरीला आहे. ते म्हणतं, ऑगस्टमध्ये ‘तेर्रा’ला जाणार. तेर्रा म्हणजे जमीन ना?

उत्तर : इथे नाही. ज्या मातीतून माणूस शहरात आला ती ही तेर्रा. मुंबईतला कोकणी चाकरमानी गणपतीत जसं म्हणतो तसंच लिहा : ‘ऑगस्टमध्ये गावी जातोय.’ ‘माझ्या’ही लावू नका.